डिफॉर्म झाला म्हणे

धार, २४ ऑक्टोबर २०२५

शंतनू,

'चि.' लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे सरकला नाही. आशीर्वाद पण यात कुठे नाहीत, शोधत बसू नकोस.

काल भाऊबीज झाली. मी चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात तसं, गच्चीवर निरांजन नेऊन. शेजारच्या शुक्ला भाभींनी विचारलं, "भिया नी आए इस बार?" मी म्हटलं, मला भाऊ नाही. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी मजाक करते आहे. मी मजाक करत नव्हते.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस म्हणून हे पोस्टाने. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, मालूम आहे मला. आपण दोघं हिंदी शाळेतले. मला बाबांनी निदान पाटीवर बाराखडी गिरवायला लावली, तुझ्या वेळेला त्यांनी हात टेकले. तर एकेक अक्षर लावून वाच. तुझा इंग्रजी रिपोर्ट वाचायला मला पण डिक्शनरी आणि किमया, दोघी लागल्या.

हो, रिपोर्ट वाचला. तुझ्या भावजींच्या चार्जशीटला जोडून आला होता. सप्टेंबरपासून नीलेश सस्पेंड होऊन घरी बसलेत, आणि का, तर ते तुझ्या चार पानांत लिहिलेलं आहे. पहिल्याच पानावर, 'द रॅक अपराइट डिफॉर्म्ड.' संपलं. पुढे पूर्णविराम.

मी किमयाला म्हटलं, सांग बाई याचा अर्थ. दहावीत आहे, इंग्लिश मीडियम, तिला येतं. म्हणाली, "मम्मी, डिफॉर्म म्हणजे शेप जाणं. फिजिक्समध्ये असंच लिहितात." मी म्हटलं, कोण घालवतं शेप? तर म्हणे, "कुणी नाही, तो जातो." मग तिने टिफिनचं उदाहरण दिलं. प्लास्टिकचा डबा उकळत्या पाण्यात टाकला, द टिफिन डिफॉर्म्ड. मी म्हटलं, डबा स्वतः चालत पाण्यात गेला का गं? टाकलास तूच ना, मागच्या महिन्यात? पोरगी लाजली. म्हणाली, "हॉट वॉटर डिफॉर्म्ड इट असं पण चालतं. पण त्यात पण माझं नाव नाही येत, मम्मी."

तेव्हा मला तुझं इंग्रजी समजलं. उगाच नाही बाबांनी तुला इंजिनियरिंगला घातलं.

आता मी मराठीत लिहिते काय झालं ते. जुलैत फोर्कलिफ्टची धडक बसून स्टोअरमधल्या रॅकचा खांब वाकला. तू कंपनीचा सेफ्टी ऑफिसर, तू खांबाला लाल टॅग बांधलास. लाल टॅग म्हणजे खांब बदलेपर्यंत तिथे माल ठेवायचा नाही. बरोबर केलंस, तेवढ्यासाठी तुझं कौतुक. मग महिनाअखेरचा डिस्पॅच अडकला, मोठे साहेब तुझ्यावर डाफरले, आणि तू आपल्या हाताने तो टॅग कापलास. स्टोअर नीलेशच्या ताब्यात, त्यांनी विचारलं, "खांब बदलला का?" तू म्हणालास, "भावजी, मी चेक केलंय, चालेल." तुझ्या शब्दावर त्यांनी माल लावला, रोजच्याएवढाच. त्याच आठवड्यात रॅक खाली आली, आणि खाली स्टोअरचा मजूर मांगीलाल होता.

हे सगळं मला नीलेशनी त्याच दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर सांगितलं. सप्टेंबरपासून मात्र त्यांच्या तोंडून त्यातलं एक अक्षर निघालेलं नाही. चार्जशीटला उत्तर लिहिलं त्यात पण नुसतं, 'रॅक वापरासाठी मोकळी केली होती.' कुणी केली, ते नाही. मी ओरडले, रडले, जेवणाचं ताट आपटलं. माणूस गप्प. का गप्प आहेत तेच मला समजत नाही.

मांगीलालला भेटायला गेले होते, बागलीकडे त्याच्या गावी. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर पण तुझा शब्द आहे, डिफॉर्मिटी. खांबाचा आकार गेला, त्याच्या पायाचा पण गेला, इंग्रजीत दोघांचं एकच दुखणं. रॅक भंगारात गेली, नवी आली. त्याला काठी आली.

तर ऐक. २४ नोव्हेंबरला इंदूरला सरकारी कारखाना निरीक्षकांपुढे सुनावणी आहे. तिथे ये आणि एक वाक्य बोल, की टॅग मी काढला. नाही आलास तर नीलेशची नोकरी तर जाईलच, पण एका माणसाला लंगडं केलं हा डाग जन्मभर त्यांच्या कपाळावर राहील. पीथमपुरात दुसरी कुठली कंपनी त्यांना दारात उभं करणार नाही. तू मात्र पुण्याला, प्रमोशन घेऊन.

ये. भाषा कुठली पण चालेल.

वैष्णवी

धार, ९ नोव्हेंबर २०२५

शंतनू,

माझं पत्र मिळालं म्हणजे तुला. मिळालं नसतं तर किमयाला मेसेज कशाला केला असतास? 'टेल मम्मी इट इज अ टेक्निकल टर्म.' वा रे वा. पंधरा वर्षांच्या पोरीच्या हाती निरोप, तो पण आपल्या सख्ख्या बहिणीला. पोरीने वाचून दाखवला आणि विचारलं, "मामा खोटं बोलतोय का?" मी तिला म्हटलं, नाही गं, टेक्निकल बोलतोय.

मी टेक्निकलवर चिडलेलीच नाही, हे तुझ्या डोक्यात घाल. लोखंड वाकतं, मला पण माहीत आहे. इंग्रजांनी त्याला शब्द शोधला, चांगलं केलं, त्यांचं काही चुकलं नाही. शब्दाच्या पाठीमागे जाऊन कोण उभं राहिलं, त्यावर मी चिडले आहे.

आणि आता दुसरी गोष्ट. नीलेश का गप्प आहेत ते मला समजलं.

घरी बसून त्यांची काय हालत झाली आहे ते तुला सांगत नाही, तू सुखाने झोप. एवढंच सांगते की पीथमपूरची शिफ्ट बस अजून चौकात हॉर्न मारते आणि हे अजून त्या वेळेला अंघोळ करून तयार असतात. मग बसून लसूण सोलतात. परवा मी त्यांच्या हातातला लसूण काढून घेतला आणि म्हटलं, आज मला उत्तर पाहिजे. तुम्हाला शंतनूची भीती वाटते का? साहेबांनी काही दिलं का? शेवटचं बोलायला नको होतं, पण बोलले.

ते म्हणाले, "सासूबाईंनी पदर पसरला."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला, महालक्ष्म्यांच्या दिवशी आई देवासहून आमच्याकडे आली होती. मी आत पुरण वाटत होते. बाहेर महालक्ष्म्या उभ्या, समोर सोळा भाज्यांचं ताट, आणि आमची आई, सगुणाबाई जगदाळे, जिने बाबा गेल्यावर कुणाकडे वाटीभर साखर मागितली नाही, ती आपल्या जावयापुढे दोन्ही हातांनी पदर पसरून उभी राहिली. "जावईबापू, माझ्या शंतनूचं नाव घेऊ नका. एवढं माझ्या पदरात टाका."

तू सांग, जावयाने काय करायचं? आपल्याकडे सासू जावयाचे पाय धुते, त्याच्यापुढे हात पसरत नाही. तिने पदर पसरला म्हटल्यावर दगड पण नाही म्हणणार नाही. त्यांनी देवीसमोर शब्द दिला. तेव्हा ते कामावर होते, तुझा रिपोर्ट कुणी पाहिला नव्हता, सस्पेंडची गोष्ट पण नव्हती. पंधरा दिवसांत चार्जशीट आली. आणि हा माणूस तेव्हापासून तो शब्द तोंडात धरून बसला आहे, आणि मी त्याला भित्रा म्हणत होते.

आईला तूच पाठवलंस ना? तिला कुठून सुचणार? राग आला की माझं डोकं फिरतं हे तू लहानपणापासून सांगत आला आहेस. आता फिरलं आहे. येत्या रविवारी मी देवासला जाते.

वैष्णवी

देवास, १६ नोव्हेंबर २०२५

शंतनू,

आईच्या घरून लिहिते आहे. टेकडीवरची आरती आत्ता संपली, खाली ढोलवाले अजून वाजवतायत. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. जेवली नाही.

मी भांडायलाच आले होते, आल्या आल्या भांडले. चप्पल काढायच्या आधी म्हटलं, तू माझ्या नवऱ्यापुढे पदर पसरलास? ती म्हणाली, पसरला. मला विचारावंसं वाटलं नाही? नाही वाटलं. का? तर म्हणे, "मला मुलगा एकच आहे." मी म्हटलं, आणि मुलगी? ती शांतपणे म्हणाली, "मुलगी दिली."

अठरा वर्षांपूर्वी दिली, ते मला मालूम आहे. पण दिलेल्या वस्तूचं असं कुणी करत नाही, शंतनू. मी फार वाईट बोलले. म्हटलं, मुलगी दिलीस, जावई फुकट मिळाला, आता दोघांना विकून मुलाला सोडवते आहेस. आईचे डोळे भरले. पण तिचं एकच, "जावईबापूंचं काही वाकडं होत नाही. शंतनूने शपथ घेतली आहे. त्याने रिपोर्टात कुणाचंच नाव घातलेलं नाही. सस्पेंड म्हणजे फॉर्मालिटी आहे, मामला थंड झाला की परत घेतील. पण जावईबापूंनी नाव घेतलं तर पोरगं जेलात जाईल."

कुणाचंच नाव घातलेलं नाही. असं सांगितलंस तू तिला.

मी रिपोर्ट पर्समधून काढला. म्हटलं, आई, बस इथे. मी मराठीत वाचते, तू ऐक. मध्ये काही विचारायचं असेल तर विचार.

वाचलं, रॅकचा खांब डिफॉर्म झाला.

"म्हणजे?"

म्हणजे त्याचा आकार गेला.

"कुणी घालवला?"

ते नाही लिहिलेलं.

"असं कसं? तांब्याला पोचा आला तर कुणाच्या तरी हातून पडलेला असतो."

मी म्हटलं, इंग्रजीत चालतं असं. ती म्हणाली, "बरं. पुढे वाच." तिच्या चेहऱ्यावर थोडं समाधान दिसलं, खोटं नाही सांगत. तिला वाटलं, पोराने खरंच कुणाला अडकवलं नाही.

पुढे वाचलं, क्षमतेपेक्षा जास्त माल भरल्यामुळे.

"कुणी भरला?"

मी कागद तिच्यापुढे धरला. इंग्रजी तिला येत नाही, पण बोट ठेवलं तिथे बघितलं तिने. स्टोअर इन्चार्ज नीलेश ढवळे यांनी. नाव, हुद्दा, कर्मचारी नंबर, काही सोडलेलं नाही.

"जावईबापूंचं नाव आहे?"

आहे.

"शंतनूचं?"

आहे. सगळ्यात खाली, सहीला.

मी आणखी बोलणार होते, बसमध्ये बसून किती तरी जमवलं होतं. पण आईने तो कागद माझ्या हातातून घेतला, घडी घातली आणि मला परत दिला. म्हणाली, "म्हणजे नाव घालायला जागा होती."

मी गरम पोळी केली, तिने ताट सारलं. मला म्हणाली, "तू उद्या सकाळच्या बसने जा. किमयाची शाळा आहे." मी विचारलं, तू काय करणार? ती आत जाऊन पडली. मला वाटलं होतं ती तुला फोन लावेल, तुला शिव्या घालेल. तिने फोनला हात पण लावला नाही. तुला तिने उचलून खांद्यावर घेऊन वाढवलं, माझ्यासमोर वाढवलं, दुधावरची साय तुझ्या वाटीत जायची आणि मी बघायचे. तेव्हा मला राग आला नाही कधी. आज तिला तसं पडलेलं बघून मला तुझा इतका राग आला की हे पत्र दोनदा फाडलं.

चोवीस तारीख लक्षात आहे ना? विमानाने ये, बसने ये, पण ये. आईच्या तोंडून मला काही ऐकायचं नाही आता. तुझ्या तोंडून ऐकायचं आहे.

वैष्णवी

धार, २८ नोव्हेंबर २०२५

शंतनू,

तू आला नाहीस. आता काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळू दे.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, रविवारी, दुपारी आई आमच्या दारात उभी. देवासहून इंदूर, इंदूरहून धार, दोन बस बदलून एकटी आली, हातात एक पिशवी. नीलेश पाया पडायला वाकले तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "नको. आज तुम्ही वाकायचं नाही." खुर्चीवर बसली नाही, त्यांनाच बसवलं. मी आतून पाणी आणलं ते पण घेतलं नाही.

"जावईबापू, मी तुमच्याकडून एक वस्तू मागून नेली होती. ती परत घ्या."

नीलेश म्हणाले, "सासूबाई, दिलेला शब्द असा परत घेतात का?"

"मागणारीने खोट्या कारणाने मागितला असेल तर घेतात. मला कारण खोटं सांगितलं होतं. मी तुमच्या पुढे पदर पसरला तो पोर वाचावं म्हणून, तुमचा गळा कापायला नाही." मग तिने पदर दोन्ही हातांनी पसरला, परत, माझ्या डोळ्यांदेखत, आणि म्हणाली, "यात काय टाकलंत ते उचलून घ्या. मला घेऊन जायचं नाही."

नीलेश रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, त्यांचे वडील गेले तेव्हा पण नाही. त्यांनी पुढे होऊन आईचे दोन्ही हात धरले आणि पदर तिच्या खांद्यावर नीट टाकला. मग आई पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी इंदूरला तिघं गेलो. आईला आणि मला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, दार उघडंच होतं, आतलं सगळं ऐकू येत होतं. कंपनीचा वकील होता. तुझा मेल आला होता, इंग्रजीत, छान प्रिंट काढलेला. निरीक्षक साहेब भला माणूस वाटला, थकलेला. मेल वाचून ते म्हणाले, "इसमें लिखा है कि टैग हटाया गया. किसने हटाया?"

नीलेश म्हणाले, "सेफ्टी ऑफिसर ने, सर. मेरे सामने."

वकील काहीतरी बोलला. साहेबांनी हाताने त्याला थांबवलं. "नाम बताइए."

आणि नीलेश अडले. मी दारातून बघत होते, शंतनू. मोकळे झाले होते ना ते, आईने स्वतः मोकळं केलं होतं. तरी त्यांचे ओठ हलेनात. तीन महिने गिळून ठेवलेलं नाव असं पटकन वर येत नाही. साहेब थांबले, परत म्हणाले, "नाम?" नीलेशनी मान वळवून दाराकडे बघितलं.

आई उठली. मी तिचा हात धरला, तिने सोडवला. ती आत गेली, कुणी अडवलं नाही. टेबलासमोर उभी राहिली, डोक्यावरून पदर घेतला, जसा देवासला मोठ्या माणसांपुढे घेते तसा.

"लिखिए," ती म्हणाली. "शंतनू बळवंतराव जगदाळे."

साहेबांनी वर बघितलं. "आप कौन?"

"माँ हूँ उसकी. लिखिए."

त्यांनी लिहिलं. वकिलाने हरकत घेतली की या बाई साक्षीदार नाहीत. साहेबांनी नीलेशना विचारलं, "यही नाम?" नीलेश हो म्हणाले. मग सही झाली. निकाल यायचा आहे अजून, काही आठवडे लागतील म्हणतात, पण त्या कागदावर आता तुझं नाव सहीच्या जागी नाही, वर आहे.

परत येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली आणि सारा रस्ता तोंडाला पदर लावून होती. मी तिला काही बोलले नाही. तुझ्यावरचा राग माझा तसाच आहे, तो मी सोडलेला नाही, सोडणार पण नाही इतक्यात. पण तिचं नाव घेताना आता माझा आवाज चढत नाही.

ती अजून आमच्याकडेच आहे. तुला तीनदा फोन करायचा म्हणून फोन हातात घेतला तिने आणि ठेवून दिला. आत्ता मी विचारलं, शंतनूला पत्र टाकते आहे, तुझं काही लिहू का?

ती मेथी निवडत होती. म्हणाली, "लिही, घरी ये. माझ्या हातचं जेवायला ये. पण आधी त्या साहेबांकडे जा, आपल्या तोंडाने सांग, सही कर. मग घरी ये."

मी म्हटलं, आणि आधी घरी आला तर?

तिने काड्या वेगळ्या केल्या.

"तर त्याला सांग," ती म्हणाली, "आई घरात नाही."

वैष्णवी